रोबोट डीबरिंग : सकाळी जॉब चांगले, अकरानंतर एका कडेला बर आणि दुसऱ्या कडेला खड्डा

चाकण_सेल_दोन
नमस्कार मंडळी. रोबोट डीबरिंगमध्ये, म्हणजे कास्टिंगच्या कडेला राहिलेला धातूचा पापुद्रा (बर) रोबोटनं काढण्यात, तीन आठवडे एकाच दुखण्याशी झगडतोय, म्हणून हा धागा काढला.

जॉब म्हणजे गिअरबॉक्सचं कव्हर, एडीसी१२ (अॅल्युमिनियमचा मिश्रधातू), प्रेशर डायकास्टिंग. फिक्स्चरमध्ये तो उभा पकडलेला असतो. रोबोटच्या हातात हवेवर चालणारा फ्लोटिंग स्पिंडल आहे, ६.२ बारला मोकळा ३८,००० आरपीएम. ६ मिमीची कार्बाइड रोटरी फाइल (फिरणारी कानस) पार्टिंग लाइनवरून, म्हणजे डायचे दोन भाग जुळतात त्या रेघेवरून, पूर्ण फेरी मारते. पहिली शिफ्ट सुरू झाली की चार तास सगळं सुरळीत. अकराच्या सुमाराला जॉबच्या खालच्या कडेला बर राहायला लागते आणि वरच्या कडेला खड्डे पडतात. मधेच फाइल अडकल्यासारखी होते, टक्क असा आवाज येतो. परवा एक फाइल शँकपाशी (दांड्यापाशी) तुटली.

आतापर्यंत फाइल बदलली, कोलेट (फाइलचा दांडा पकडणारा भाग) बदललं. पॉइंट टच-अप (प्रोग्राममधल्या मार्गाचे बिंदू सरकवणं) तर नऊ वेळा झालं. बर राहिली की सेटर त्या भागातले पॉइंट अर्धा मिमी आत घेतो, दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. काल एका शिफ्टमध्ये २४० पैकी ३१ जॉब बाजूला काढावे लागले. दोन पोरं हातात कानस घेऊन बसलेली बघवत नाहीत. रोबोटची रिपीटेबिलिटी (दर वेळी त्याच जागी यायची अचूकता) गेली असेल का?

शिरोली_ओतकाम
रोबोटवर जायच्या आधी कास्टिंग बघा की. आमच्याकडं बीडाचं काम आहे, पण नियम तोच. सकाळी डाय थंड, पुढं तापते, फ्लॅश (डायच्या फटीतून बाहेर आलेला पातळ धातू) जाड होतो. सकाळचे दहा आणि साडेअकराचे दहा जॉब बाजूला काढा, फ्लॅशची बुडाशी जाडी मोजा. उंची किती ते सोडून द्या. फाइलला लोड येतो तो बुडाच्या जाडीमुळं.

जुना_फिटर
चाकणकर, पहिलं काम सांगतो. आजपासून पॉइंटला हात लावू नका. तीन आठवड्यांपूर्वीचा प्रोग्रामचा बॅकअप असेल तर शोधून ठेवा.

कारण नीट समजून घ्या. तुमचा स्पिंडल घट्ट बसवलेला नाही. आत हवेच्या दाबावर तो मधोमध धरलेला असतो आणि जॉबनं ढकललं की बाजूला कलतो. फाइल जॉबवर किती जोर लावणार हे त्या फ्लोटच्या हवेचा दाब ठरवतो. पॉइंट अर्धा मिमी आत घेतला तर स्पिंडल अर्धा मिमी जास्त कलतो, जोर जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे बर राहते म्हणून पॉइंट आत घेणं हा उपाय लागू पडतच नाही. उलट असं नऊ वेळा केलं की कलायची जागाच संपते. मग स्पिंडल आतल्या स्टॉपवर टेकतो, टक्क आवाज येतो, आणि त्या क्षणापुरतं तुमचं फ्लोटिंग टूल पहारीसारखं ताठ होतं. खड्डा तिथं पडतो. फाइलही तिथंच तुटते.

तुमच्या टूलला किती मिमी कलायला जागा आहे? आणि प्रोग्राममध्ये ती सुरुवातीला किती वापरली होती?

शिवाय एवढं मोजून सांगा :
स्पिंडल फिरत असताना टूलजवळ हवेचा दाब. भिंतीवरच्या एफआरएलचा (हवेचा फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर) काटा मला नको. टूलच्या तोंडाशी टी लावून गेज बसवा. सकाळी ९ ला एकदा, साडेअकराला एकदा.
फ्लोटच्या रेग्युलेटरवर किती दाब आहे, आणि तो शेवटचा कुणी, कधी फिरवला.
मोटर व्हेनची आहे की टर्बाइनची. व्हेनला तेलाचा थेंब लागतो, टर्बाइनला तेल चालत नाही. एका ठिकाणी टर्बाइन टूलच्या लाइनला कुणीतरी ल्युब्रिकेटर जोडून ठेवलेला मी बघितलाय. आत सगळा चिकट गाळ झाला होता.

गेज बसवताना आणि फाइल बदलताना हवा बंद करून कुलूप लावा आणि लाइनमधली उरलेली हवा सोडून द्या. पेंडंटवर (रोबोट चालवायच्या हातातल्या पॅनेलवर) स्टॉप दाबला म्हणजे टूल मेलं असं कुणीही समजू नये.

टूलरूम_ताई
फाइल कुठल्या कटची आहे? स्टीलसाठीची क्रॉस कट फाइल अॅल्युमिनियमवर चालवली तर दात तासाभरात भरतात. मग ती कापत नाही, नुसती घासते. अॅल्युमिनियमसाठी रुंद गाळ्याची फाइल वेगळी येते. एडीसी१२ मध्ये सिलिकॉन १० ते १२ टक्क्यांच्या आसपास असतं, त्याचे कडक कण धारही खातात. म्हणून चिकटणं आणि झिजणं ही दोन दुखणी वेगवेगळी बघावी लागतात. भिंगाखाली धरा. दातात चांदीसारखा थर दिसला तर चिकटलंय, दाताचं टोक गोल दिसलं तर झिजलंय.

आणि डायल लावून रनआउट (फिरताना फाइल मधोमधपासून किती डगमगते ते) बघा. हवा बंद ठेवून, हातानं फिरवून. शँक कोलेटमधून किती बाहेर आहे तेही लिहा. शँक जितका बाहेर, तितका परवानगीचा वेग कमी होतो. ३८,००० ला लांब शँक वाकला तर तुकडा कुठं जाईल सांगता येत नाही.

अंबड_प्रोग्रामर
जुन्या काकांशी बराचसा सहमत, पण टीसीपी (रोबोट टूलचं टोक कुठं धरतो तो बिंदू) तपासल्याशिवाय रोबोटला सोडून देऊ नका. फाइल तुटली तेव्हा धक्का बसला असणार. टेबलावर टोकदार पिन रोवा, फाइल काढून तिथं टोकदार मास्टर लावा, चार दिशांनी हात वळवून टोक पिनेवरच राहतंय का बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरं म्हणजे कोपरे. खड्डे कोपऱ्यात आहेत की सरळ भागात? कोपऱ्यात रोबोट वेग कमी करतो. फाइलचा जोर तोच आणि वेग निम्मा, म्हणजे त्या जागी दुप्पट वेळ कापणार. आमच्या सेलमध्ये सरळ भागात १२० मिमी प्रति सेकंद आणि कोपऱ्यात प्रत्यक्ष ४० मिळत होते. त्रिज्येवर पॉइंट कमी करून, वळण सलग करून ते सुटलं. टीच करताना कमी स्पीडला जो मार्ग दिसतो, पूर्ण स्पीडला तोच मिळेल याची खात्री धरू नका.

चाकण_सेल_दोन
सगळ्यांचे मनापासून आभार. आज दिवसभर मोजत होतो.

फ्लॅश : सकाळी बुडाशी ०.२५ ते ०.३५ मिमी, साडेअकरालाही तेवढाच. गेटच्या (डायमध्ये धातू शिरतो त्या तोंडाच्या) बाजूला एक पट्टा आहे, तिथं ०.६, पण तो सकाळीही ०.६ च.
टीसीपी : पिनेवर चारही दिशांनी अर्ध्या मिमीच्या आत.
रनआउट : ०.०२. फाइल अॅल्युमिनियम कटचीच, थोडी भरलेली होती.
मोटर : व्हेन. ल्युब्रिकेटर चालू आहे.

आणि आता हवा. भिंतीवरचा काटा, स्पिंडल बंद असताना, दिवसभर ६.२. टूलजवळ, स्पिंडल बंद असताना ६.१. स्पिंडल चालू केल्यावर सकाळी ९ ला ५.४. साडेअकराला ३.९!

अकराला काय होतं ते बघायला कॉम्प्रेसर रूमपर्यंत गेलो. त्याच वेळेला शेजारच्या शेडमधलं तिसरं कास्टिंग मशीन सुरू होतं, आणि त्याच हेडरवर (हवेच्या मुख्य पाइपवर) आमची लाइन आहे. भिंतीपासून टूलपर्यंत १६ मीटर पीयू (पॉलियुरेथेन) पाइप, ८ मिमीचा, मधे चार कपलर.

कलायची जागा प्रत्येक बाजूला ८ मिमी. पहिल्या प्रोग्राममध्ये ३ मिमी वापरली होती. नऊ टच-अपनंतर खालच्या आणि वरच्या काही पॉइंटवर साडेसात झाली आहे. काका, तुमचं बरोबर निघालं, आम्ही स्टॉपवर टेकवत होतो. कास्टिंगमधला फरकच अर्ध्या मिमीच्या वर आहे.

जुना_फिटर
आता चित्र स्पष्ट झालं. ८ मिमी पीयू म्हणजे आतलं भोक ५. १२ चा टाकाल तर आत ८ मिळेल. तेवढ्याच हवेसाठी पाइपमधला दाबाचा तोटा व्यासाच्या साधारण पाचव्या घातानं बदलतो. ८ भागिले ५ चा पाचवा घात काढा, दहाच्या वर येतो. म्हणजे पाइपमधला तोटा दहाव्या हिश्श्यावर. हेडर बदलायला परवानग्या लागतील, पाइप उद्या बदलता येईल. कपलर चारचे दोन करा, आणि सेलजवळ एक छोटा रिसीव्हर (हवेची टाकी) नॉन-रिटर्न वाल्व लावून ठेवा म्हणजे शेजारचं मशीन तुमची हवा ओढणार नाही.

बंद स्थितीतला काटा बघून कितीतरी चांगली माणसं फसली आहेत. हवा वाहत नसेल तर पाइप केसाएवढा असला तरी काटा पूर्ण दाब दाखवतो.

वाळूज_क्वालिटी
एक प्रश्न विचारू का? ड्रॉइंगवर कडेबद्दल नक्की काय लिहिलंय? आयएसओ १३७१५ प्रमाणे चिन्ह असेल तर बाहेरच्या कडेला उणे म्हणजे बर अजिबात नको, धातू थोडा गेला तरी चालेल. अधिक म्हणजे तेवढी बर चालेल. कित्येक ठिकाणी नुसतं ‘शार्प कडा मोडा’ एवढंच असतं आणि प्रत्येक इन्स्पेक्टर आपल्या नखानं ठरवतो. ३१ जॉबमधले खरे किती वाईट होते हे त्याशिवाय कळणार नाही.

चाकण_सेल_दोन
नुसतं ‘शार्प कडा मोडा’ असंच आहे. ग्राहकाच्या माणसाशी बोलून कड ०.२ ते ०.५ मिमी मोडायची असं लिहून घेतलं. ३१ मधले ७ त्यात बसले.

पाइप १२ चा टाकला, जुना बॅकअप चढवला. साडेअकराला टूलजवळ ५.७ मिळतोय. टक्क आवाज पूर्ण बंद. बर बरीच कमी झाली. पण वरच्या कडेला ०.७ पर्यंत खाल्लं जातंय आणि खालच्या कडेला कुठेकुठे पापुद्रा राहतोच. आता सकाळीही तसंच. म्हणजे दुसरं काहीतरी आहे.

अंबड_प्रोग्रामर
वेगाची खात्री करायची असेल तर फोनवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं अॅप घ्या आणि कुंपणाच्या बाहेरूनच धरा. ३८,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ६३३ फेऱ्या, तिथं टोक दिसतं. कापताना ते ४०० वर घसरलं तर वेग २४,००० झाला. हवेच्या गोंगाटात कधी ते टोक झाकलं जातं, तेव्हा दातांची संख्या गुणिले फेऱ्या एवढ्या फ्रिक्वेन्सीला शोधा.

टूलरूम_ताई
जॉब उभा आहे ना? म्हणजे कापताना स्पिंडल आडवा असतो. मग वजनाचं काय?

फ्लोटिंग स्पिंडल आडवा धरला की मोटरचं वजन त्याला खाली ओढतं. खालची कड कापताना फाइल वर दाबायची असते, वजन विरुद्ध जातं. वरची कड कापताना फाइल खाली दाबायची असते, वजन मदतीला येतं. वर खड्डा आणि खाली बर, हे तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे!

बाजारात मासे तोलायला वापरतात तसला स्प्रिंगचा काटा आणा. हवा फक्त फ्लोटला द्या, मोटरची हवा बंद आणि कुलूपबंद. कोलेटजवळ दोरी अडकवून वर ओढा, खाली ओढा, आडवं ओढा. स्पिंडल जागचा हलतो तेव्हाचं वजन लिहा. आणि परत येताना कितीवर परत येतो तेही लिहा. जाताना आणि येताना फार फरक असेल तर आत काहीतरी अडकतंय.

शिरोली_ओतकाम
ताई, हे आमच्या सेललाही करून बघतो. आमचा रोबोट जॉब हातात धरतो आणि स्पिंडल जमिनीवर उभा रोवलेला आहे. तिथं हा त्रास कधी आला नाही, त्याचं कारण आज कळलं.

चाकण_सेल_दोन
ताई, काय सांगू. काटा आणला, दीडशे रुपयांचा. फ्लोट १.४ बारवर :

स्पिंडल उभा लटकता असताना कुठल्याही बाजूला ११०० ग्रॅम.
आडवा असताना वर ढकलायला १५०० ग्रॅम. म्हणजे वरच्या कडेवर एवढा जोर.
आडवा असताना खाली ढकलायला ७०० ग्रॅम. म्हणजे खालच्या कडेवर फक्त एवढा.
आडवा असताना डावी-उजवीकडे ११००.

दुपटीपेक्षा जास्त फरक! आणि परत येताना ११०० चे ६०० होत होते. फ्लोटची नळी सोडली तर पाणी निघालं, चमचाभर. पावसाळ्यात ड्रायर चालू आहे असं सगळे धरून चालले होते, त्याचा ऑटो ड्रेन बंद पडलेला होता. छोट्या रेग्युलेटरच्या आत गंज होता. रेग्युलेटर नवा लावला, टूल मॅन्युअलप्रमाणे साफ केलं, आता जाताना ११००, येताना ९५०.

शिफ्टचं रजिस्टरही चाळलं. तीन आठवड्यांपूर्वी फ्लोट ०.९ वर होता. ‘बर राहते म्हणून १.४ केला’ अशी एक ओळ आहे, नाव नाही. तारीख बघितली तर शेजारचं तिसरं मशीन दुसऱ्या दिवसापासून नाही, त्याच दिवसापासून सुरू झालंय. हवा कमी पडली, वेग पडला, बर राहिली. म्हणून फ्लोट वाढवला, त्यानं वर खड्डे पडायला लागले. बर तरीही राहते म्हणून पॉइंट आत घेतले आणि स्टॉपवर जाऊन टेकलो. प्रत्येकानं आपापल्या परीनं मदतच केली होती. ज्यानं ती ओळ लिहिली त्याचा मी आभारी आहे, ती नसती तर हे जुळलंच नसतं.

जुना_फिटर
त्या पोराला सगळ्यांसमोर हेच सांगा. रजिस्टरमध्ये खरं लिहिणारा माणूस घालवू नका.

पाण्याबद्दल : रेफ्रिजरेशन ड्रायर धड चालला तर दाबाखाली दवबिंदू साधारण ३ अंशांपर्यंत उतरतो. आयएसओ ८५७३-१ मध्ये ओलाव्याचा चौथा वर्ग तोच. तेवढं टूलला पुरतं. पण ड्रेन बंद असेल तर वेगळं झालेलं पाणी पुन्हा लाइनमध्येच येणार. रोज सकाळी ड्रेनचा बटण दाबून पाणी बाहेर पडतंय का ते डोळ्यांनी बघायचं.

अंबड_प्रोग्रामर
उपाय दोन. एक, जॉब आडवा झोपवा, स्पिंडल वरून लटकता चालेल, सगळीकडे जोर सारखा. दोन, दिशेप्रमाणे फ्लोटचा दाब बदला. दोन रेग्युलेटर आणि एक सोलेनॉइड लावून स्वस्तात होईल.

चाकण_सेल_दोन
झोपवायचं आमच्याही मनात आलं होतं. पण जॉब उभा ठेवण्याचं कारण आमच्याकडच्या एका जुन्या माणसानं सांगितलं. आडवा ठेवला की चिप्स तेलाच्या गॅलरीत (तेल वाहायच्या वाटेत) पडतात. गॅलरीत अॅल्युमिनियमचा कण राहिला तर पुढं कुणाच्या तरी गाडीचा गिअरबॉक्स जाईल. तो धोका घेणार नाही.

दोन रेग्युलेटरनं खालची आणि वरची कड जमेल, उजव्या-डाव्या उभ्या कडांना तिसरा दाब लागेल. म्हणून प्रपोर्शनल वाल्व (सिग्नलप्रमाणे दाब कमी-जास्त करणारा) मागवला, रोबोटच्या अॅनालॉग आउटपुटवर चालेल असा. सगळीकडे ९०० ग्रॅमच्या आसपास जोर हवा असं धरलं, तर हिशोब येतो : खालच्या कडेला १.६५ बार, उभ्या कडांना १.१५, वरच्या कडेला ०.६५.

टूलरूम_ताई
हिशोब बरोबर. दाब बदलायला नळी भरेपर्यंत वेळ लागतो हे विसरू नका. कापत असताना बदललात तर मधल्या पट्ट्यात कुठलाच दाब धड नसेल. वाल्व टूलच्या जितका जवळ तितकं बरं.

आणि फेरीची दिशा कुठली आहे? स्पिंडलच्या मागून बघितलं तर तो घड्याळाच्या दिशेनं फिरत असेल आणि फेरी जॉबच्या बाहेरून असेल, तर फेरीही घड्याळाच्या दिशेनं घ्या. ते क्लाइंब झालं, फाइल जॉबपासून दूर ढकलली जाते. उलट दिशेनं ती जॉबमध्ये ओढली जाते, आणि तरंगणारं टूल ओढलं गेलं की उड्या मारतं.

चाकण_सेल_दोन
दहा दिवसांनी लिहितोय. वाल्व बसला, तिसऱ्या अक्षाच्या हातावर. फेरीची दिशा उलटीच होती, बदलली. दाब बदलताना फाइल १० मिमी बाहेर काढून अर्धा सेकंद थांबवतो, चार कोपऱ्यांवर मिळून सायकल ७४ सेकंदांची ७७ झाली. मॅनेजर साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनी मान्य केलं.

काल तिन्ही शिफ्ट मिळून ६९० जॉब, त्यातले ५ बाजूला. पाचही गेटच्या बाजूच्या त्या ०.६ च्या पट्ट्यातले. तिथं डायचा इन्सर्ट झिजलाय. पुढच्या आठवड्यात डाय उतरली की वेल्ड करून घासणार आहेत. तोपर्यंत त्या पट्ट्यात वेग १२० वरून ७० केलाय.

शिरोली_ओतकाम
फार बरं वाटलं वाचून. बर डायमध्ये तयार होते, ती तिथंच कमी करायची. इन्सर्ट झाला की फोटो टाका.

जुना_फिटर
आणखी एक गोष्ट, डस्ट कलेक्टर. अॅल्युमिनियमची बारीक भुकटी पेट घेते, हवेत उडाली तर स्फोट होतो. त्याच डक्टला शेजारचं स्टीलचं ग्राइंडिंग जोडलेलं नाही ना, ते उद्याच बघा. लोखंडाची गंजलेली भुकटी आणि अॅल्युमिनियम एकत्र असणं हे वेगळंच संकट आहे, आणि ठिणगी स्टीलच्या बाजूनं येते.

चाकण_सेल_दोन
काका, आत्ताच जाऊन बघितलं. डक्ट वेगळी आहे, पण बेंच ग्राइंडरचा एक फाटा कुणीतरी आमच्या हूडमध्ये सोडला होता. तो काढून तोंड प्लेटनं बंद केलं.

वाळूज_क्वालिटी
तो स्प्रिंगचा काटा आता कुठं आहे?

चाकण_सेल_दोन
सेलच्या कुंपणावर हूक वेल्ड करून टांगलाय. दर सोमवारी पहिल्या शिफ्टला, फाइल लावायच्या आधी, कोलेटच्या तोंडापासून एक सेंमीवर दोरी अडकवून तीन दिशांना ओढायचं. जातानाचा आणि येतानाचा आकडा रजिस्टरमध्ये, खाली लिहिणाऱ्याची सही. या सोमवारी ११०० आणि ९६० आला.